पाच वेळा पाडलेलं घर

ओव्हरसियर साहेबांनी चिंधू ठाकराला फसवलं. मलाही फसवलं, पण माझी वखार होती, मी तरलो. चिंधूचं घर गेलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण ओव्हरसियरांचा विषय निघाला की लोणावळ्यात माणसं हसायला लागतात. एक जण एक गंमत सांगतो, दुसरा दुसरी, आणि मूळ गोष्ट त्या हसण्यात बुडून जाते. गमती मलाही ठाऊक आहेत. सांगेनही. पण आधी हे वाचा आणि मग पुढे या.

बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन ते लोणावळ्याला आले, तेव्हा माझी वखार जेमतेम चार वर्षांची होती. मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यामागे नोकरांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, त्यांत ते राहत. बंगल्यावर लक्ष ठेवायचं आणि त्या बदल्यात डोक्यावर छप्पर. बायको नोकरीत असतानाच वारलेली, मूलबाळ नाही. उभ्या नोकरीत त्यांनी सरकारी विश्रामगृहं बांधली, दुरुस्त केली, रंगवली. स्वतःचं घर मात्र कधी बांधलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हलवाई कधी पेढे खातो का?" आणि हसायचे. त्या हसण्याकडे मी फार उशिरा नीट पाहिलं.

उन्हाळा असो, पावसाळा असो, अंगात काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात ओळंबा. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोरीला पितळी वजन लावून सोडतात, तो. कोणाच्या घरी गेले की नमस्कार करण्याआधी तो चौकटीला लावायचे. "अर्धा इंच झुकली आहे," असं सांगून मग आत यायचे, चहा घ्यायचे, तोही उभ्याने. खुर्चीवर बसत नसत. चारी पाय सारखे असलेली खुर्ची या गावात नाही, असं त्यांचं मत. रस्त्याने ते चालत नसत, मोजत. मधेच कोणी "काय साहेब, कुठे निघालात?" म्हटलं तर एक बोट वर करायचे, मोजणी पुरी करायचे, आणि मग "टपालात" एवढंच सांगून वळायचे. एकदा बाजारातल्या एका वाण्याचे वडील गेले. हे मयताला आले, तिरडीकडे पाहिलं, आणि सगळे रडत असताना खाली बसून बांबू सोडून पुन्हा बांधले. एक बांबू चार बोटं आखूड होता म्हणे. आणि खरं सांगतो, ती तिरडी स्मशानापर्यंत जरासुद्धा कलली नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "घर बांधायला अक्कल लागते, पाडायला शिस्त लागते." मला ते तेव्हा मोठं शहाणपणाचं वाटायचं.

स्टेशनजवळच्या इराण्याच्या हॉटेलात ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला जात. एके दिवशी त्यात बातमी आली की इराणातल्या डोंगराळ भागात भूकंप होऊन गावंच्या गावं पडली आहेत. इराणी गल्ल्यावर बसून डोळे पुसत होता. त्याचं गाव त्यातलं नव्हतं, पण मुलूख त्याचाच. त्यानंतर थोड्या दिवसांनी मुंबईच्या एका समितीचं आवाहन छापून आलं: पडलेल्या गावांत जाऊन, मजुरी न घेता घरं बांधून देतील असे कुशल स्वयंसेवक हवेत. बोटीचं भाडं समिती देईल. पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस निघायचं. ओव्हरसियरांनी ती बातमी कापून कोटाच्या डाव्या खिशात ठेवली आणि मोजत मोजत थेट माझ्या वखारीवर आले.

"मला वासे पाहिजेत, तुळया पाहिजेत, कौलं पाहिजेत. सात महिने वापरीन, परत देईन."

"भाडं?"

"भाडं नाही."

"मग वासे नाहीत."

मी बंगल्यांच्या कामावर खडीच्या पाट्या वाहत मोठा झालो. फुकट हा शब्द मला कोणी शिकवला नव्हता. घासाघीस करायला आलेला माणूस माझ्याकडून पाणी पिऊन जायचा, पण पै सुटायची नाही. ओव्हरसियरांनी घासाघीस केलीच नाही. ओळंबा काढून माझ्या दाराला लावला.

"पाऊण इंच."

"दार माझं आहे साहेब, पडलं तर माझ्या डोक्यात पडेल."

"आजवर किती घरांना माल दिलास तू?"

"मोजली नाहीत. शंभर-दीडशे असतील."

"त्यातल्या किती घरांनी तुला वास्तूला जेवायला बोलावलं?"

एकानेही नाही. माल उतरला की माझं काम संपायचं, दार लागायचं.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "एक तरी घर असं बांधू, की जिथला माणूस तुला आयुष्यभर विसरणार नाही."

आयुष्यात मला सौद्यात हरवणारा तो एकच माणूस. वासे दिले, कौलं दिली, आणि स्वतःचं नावही दिलं.

आम्ही सात जण झालो. रेल्वेतले दोन फिटर, वडगावचे दोन गवंडी, एक शाळामास्तर, मी, आणि चिंधू. चिंधू मळवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतला. आधी माझ्याकडे कारवीच्या काठ्या आणून द्यायचा. बुटका, काळासावळा, बोलणं कमी. पण घायपाताच्या वाखाच्या दोरीने छप्पर बांधायला बसला की त्याच्या हातांकडे बघत राहावं. खिळा एकही नाही, आणि वादळात वासा हलायचा नाही. ओव्हरसियरांनी त्याचं काम पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सहा जण नसलात तरी चालेल. हा नसेल तर छप्पर नाही."

तयारी सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी इराण्याकडे भाषा शिकायला बसायचं. संग म्हणजे दगड, आब म्हणजे पाणी, दीवार म्हणजे भिंत. ओव्हरसियर खूश: "अरे, निम्मी भाषा तर आपल्या आज्यांना येत होती!" चिंधू सगळे शब्द एकदा ऐकून पाठ म्हणायचा, शाळामास्तर अडखळायचे. इराण्याने ओव्हरसियरांनी काढलेला घराचा नकाशा पाहिला आणि छपराच्या उतारावर बोट ठेवलं.

"साहेब, ये इतना ढलान काय को? उधर बारिश किधर है? चार महिन्यात चार थेंब."

"पन्हळ दोन फूट बाहेर पाहिजे," ओव्हरसियर म्हणाले.

"अरे बाबा, पाऊसच नाय पडत!"

"आज नाही पडत. पडला म्हणजे?"

मावळात आयुष्य काढलेल्या माणसाला पावसावाचून मुलूख असतो हे पटवणं देवालाही जमलं नसतं. आम्हालाही ते पटलं नाही. सातही जणांनी माना डोलावल्या: पन्हळ दोन फूट.

रविवारी सकाळी माझ्या वखारीच्या काट्यावर प्रत्येकाची वळकटी चढायची. एक घोंगडी, दोन कपडे, लोटा, थापी, ओळंबा. वजन ठरवून दिलेलं. वर गेलं तर सोडून पुन्हा बांधा. एका फिटरच्या वळकटीत लोणच्याची बरणी निघाली. ओव्हरसियरांनी ती काढली आणि त्याला सुनावलं, "आपण तिथे जेवायला चाललो नाही." मग दुपारी आम्ही सगळ्यांनी ती बरणी भाकरीबरोबर संपवली. असे ते दिवस. मी चिडका माणूस. पण त्या हिवाळ्यात वखारीवर माझा आवाज चढला नाही, याचं माझ्या हमालांनाही नवल वाटायचं.

सरावासाठी जागा हवी होती. खालच्या गावातल्या शेतकऱ्यांनी वावर द्यायला नकार दिला; भातानंतर तिथे हरभरा, पावटा उभा होता. ओव्हरसियरांना तरी उतारच पाहिजे होता, कारण जिथे जायचं तिथे डोंगर. ठाकरवाडीच्या सगळ्या उतारावर घर मावेल अशी सपाटी एकच होती, आणि तिच्यावर चिंधूचं घर होतं. कारवीचा कूड, वर गवताचं छप्पर.

आम्ही गेलो तेव्हा चिंधूची आई दारात बसली होती. तिला डोळ्यांनी फार अंधुक दिसायचं. बायको बायजा लाकडं फोडत होती. ओव्हरसियर उभ्यानेच बोलले.

"चिंधू, हे घर काढावं लागेल. पावसाळ्यापर्यंत कडेला खोपट करून राहा. आपण इथे दगडाचं घर बांधायचं, कौलारू. बांधायचं, पाडायचं, पुन्हा बांधायचं. आणि बोटीवर चढण्याआधी जे शेवटचं घर बांधू, ते पाडायचं नाही. ते तुझं."

"कौलाचं?" बायजाने कुऱ्हाड खाली ठेवली.

"कौलाचं. दगडी जोत्यावर."

"आन् कवा?"

"पाऊस लागायच्या आत."

चिंधू आईकडे बघत होता. म्हातारी म्हणाली, "सायब बोलतोय त्ये खरं असंल तर हाण की. म्या मरायच्या आत कौलाखाली निजीन."

त्याच दिवशी चिंधूने स्वतःच्या हातांनी घर सोडवलं. कूड काढले, वासे रचले. त्या तिघांसाठी उताराला टेकून पेंढ्याचं एक खोपट केलं. हिवाळा होता, आभाळ कोरडं होतं. कोणाला वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

मग दर रविवारी आम्ही मळवलीला गाडीतून उतरायचो आणि वर चढायचो. चार रविवारांत घर उभं, पाचव्या रविवारी पाडायचं. मधल्या दिवसांत चिंधू एकटा माती मळून ठेवायचा, दगड लावून ठेवायचा. पहिलं घर वाकडं झालं. दुसऱ्याला खिडकी चुकली. ओव्हरसियर घड्याळ हातात धरून उभे राहायचे आणि पाडतानाही ओरडायचे, "कौल फुटता कामा नये! वरून खाली, वरून खाली!" चिंधूची आई खोपटाच्या तोंडाशी बसून ऐकायची आणि मोठ्याने म्हणायची, "आरं, ह्यो म्हातारा लेकरावानी घर-घर खेळतोय! सायब, सांज झाली, आता भातुकली आवरा!" आम्ही हसायचो. ओव्हरसियरही हसायचे.

दुसरं घर पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पासपोर्टासाठी आम्ही अर्ज केले होते आणि प्रत्येकाच्या पत्त्याची चौकशी व्हायची होती. वडगावहून एक पोलीस शिपाई घाम पुसत ठाकरवाडीत चढला. चिंधू तेव्हा रानात गेला होता. शिपायाने विचारलं, अर्जदाराचं घर कुठे आहे? बायजाने सपाटी दाखवली. तिथे एका बाजूला दगड, एका बाजूला वासे, एका बाजूला कौलांची रास.

"घर कुठाय बाई?"

"ह्ये काय, हितंच."

"हे तर पडलंय."

"पडलं न्हाई, पाडलंय. परत बांधनार हायती. मंग परत पाडनार."

शिपायाला वाटलं बाई थट्टा करते आहे. त्याने लिहून दिलं की सदर इसमाचं राहतं घर आढळून आलं नाही. चिंधूचा अर्ज अडला. ओव्हरसियर तडक वडगावला गेले. मी बरोबर होतो. कारकुनाच्या टेबलासमोर उभे राहून ते म्हणाले, "घर आहे. सध्या उभं नाही एवढंच."

कारकुनाने चष्मा काढला. "साहेब, उभं नाही त्याला आम्ही काय म्हणायचं?"

"आम्ही ते पंचवीस दिवसांत उभं करतो."

"मग पंचवीस दिवसांनी या."

"पण तेव्हा पाडायची वेळ झालेली असेल!"

ही गोष्ट मी स्वतः लोणावळ्यात दहा ठिकाणी सांगून लोकांना हसवलं आहे. परत येताना वडगावच्या स्टँडवर मी ओव्हरसियरांना म्हटलं, "साहेब, एक घर महिनाभर राहू द्या. शिपाई पुन्हा येऊन बघून जाईल." ते म्हणाले, "सराव तुटेल." तिथेच मी त्यांचा कोट धरायला हवा होता. मी गाडी चुकेल म्हणून घाई केली.

होळी झाली. उन्हं तापली. तिसरं घर पाडलं, चौथं झालं, आणि ते खरोखर देखणं झालं. जोतं पाणसळीत, दार ओळंब्यात, कौलांची ओळ आखल्यासारखी. रविवारी आम्ही वर पोचलो तर ओव्हरसियर आमच्या आधी येऊन दारात उभे. आत बायजाने तीन दगड मांडले होते आणि लाकडं रचली होती. काडी तेवढी ओढायची बाकी.

"बाई, इथे चूल मांडायची नाही."

"एक डाव पेटू द्या सायब. म्हातारीला कौलाखाली भाकर घालती. मंग काय पाडायचं त्ये पाडा."

ठाकरांत काय आणि आमच्यात काय, चूल पेटली की घर झालं. पेटत्या चुलीचं घर कोणी पाडत नाही. पाडणाऱ्याचं भलं होत नाही. ओव्हरसियरांना ते माहीत होतं. ते खाली वाकले, एकेक दगड उचलला आणि बाहेर नेऊन ठेवला. हळूच, देवाचे टाक हलवावेत तसा.

"चूल पेटली तर मला हात लावता येणार नाही," ते म्हणाले. "शेवटच्या घरात पेटव."

"शेवटचं कंचं, त्ये तरी सांगा."

"बोटीची तारीख आली की सांगतो."

बायजा बाहेर जाऊन त्याच दगडांवर, उन्हात, भाकऱ्या थापायला बसली. चौथं घर ठरलेल्या रविवारी पाडलं. पाचवं वैशाखात उभं केलं आणि ज्येष्ठ लागताना पाडलं. ओव्हरसियर म्हणाले, आता एकच राहिलं. सगळ्यांनी आठवड्याची रजा काढा, सहावं सलग सात दिवसांत उभं करू. तेच चिंधूचं.

रजेच्या दोन दिवस आधी माझ्या वखारीवर एक मुंबईकर गृहस्थ आले. हवा खायला आले होते, भाड्याच्या बंगल्याच्या पडवीला ताडपत्री लावायची म्हणून बांबू हवे होते. घासाघीस चालू झाली. माणूस सभ्य, पण भाव पाडण्यात चिवट. बोलता बोलता कळलं, ते त्या समितीचे चिटणीस. मी दर तिथल्या तिथे उतरवला.

"बांबू तसेच न्या," मी म्हटलं. "आपण एकाच कामातले. आमची तयारी झाली आहे. बोट कधी आहे?"

"कसली बोट?"

"इराणची. आम्ही सात जण आहोत, ओव्हरसियर साहेबांचे."

ते ओशाळले. "पण ते रद्द झालं ना! तिकडच्या सरकारने स्वतःचं सैन्य लावून घरं बांधली. आता बाहेरची माणसं नकोत म्हणाले. होळीच्या आधीच मी पत्र टाकलं होतं. ओव्हरसियरांचं उत्तरही आलं, पत्र मिळालं म्हणून."

"आणि आम्ही थांबलो की नाही, हे तुम्ही पाहिलं नाही?"

"आता पत्र पोचलं म्हटल्यावर…" त्यांनी बांबूंकडे पाहिलं. "हे चार घेऊ ना मग?"

मी तसाच बंगल्यामागच्या त्या खोल्यांकडे गेलो. ओव्हरसियर उभ्याने मुगाची खिचडी खात होते. मी आरडाओरडा केला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते ताटली धरून ऐकत राहिले. मग कोटाच्या डाव्या खिशातून पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. घड्यांवर झिजलेलं होतं. पुष्कळ वेळा वाचलेलं.

"होळीपासून तुमच्या खिशात आहे हे?"

"हो."

"आणि चौथं घर? पाचवं? त्या बाईची चूल उचलून बाहेर ठेवलीत, तेव्हा हे खिशात होतं?"

"तुमचा हात बसत होता रे," ते म्हणाले. "चौथं पाहिलंस ना? एक रेघ वाकडी नव्हती. मी असलं घर जन्मात कोणाकडून बांधून घेतलं नाही. पत्र दाखवलं असतं तर दुसऱ्या रविवारी एक जण आला नसता. तूही नसतास आला."

"मग बांधलेलं ठेवायचं होतं! पाडलंत कशाला?"

"ठेवलं असतं तर काम संपलं असतं."

ते शांतपणे पुढे म्हणाले, "आणि भूकंप काय, कुठे ना कुठे होतोच. आज ना उद्या बोलावणं येईल. तेव्हा आपण तयार असू."

त्या माणसाच्या तोंडावर लबाडी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. दोन थोबाडीत देऊन मोकळा झालो असतो. कुठेतरी गावं पडतील या आशेवर तो माणूस जगत होता, आणि त्यात आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटतही नव्हतं. "सोमवारी सहावं घर," ते म्हणाले, "ते तर बांधू. चिंधूला शब्द दिला आहे."

"माझा माल आहे," मी म्हटलं. "बघतो कसं बांधता ते."

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बैलगाड्या घेऊन ठाकरवाडीच्या पायथ्याशी गेलो. चार हमाल वर चढवले. वासे, तुळया, कौलं, सगळं डोक्यावरून खाली आणायला लावलं. ओव्हरसियरांना धडा शिकवायचा होता. त्यांनी वखारीवर यावं, माझ्या दारात उभं राहावं आणि एकदा तरी मागावं, एवढंच डोक्यात होतं. चिंधूला मी सगळं सांगितलं. बोट नाही, इराण नाही, पत्र होळीपासून आलेलं आहे. तो रचलेल्या दगडांवर बसला. त्याला राग आला नाही, निदान मला दिसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मंग ती भाषा?"

"कसली भाषा?"

"संग, आब, दीवार. त्ये आता कुटं बोलायचं?"

हमाल वाशांचा शेवटचा भारा उचलत होते. बायजा आडवी आली. हात जोडले नाहीत तिने. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, सायबाचं आन् तुमचं भांडान. आमी काय केलं?"

"काही नाही केलं."

"मंग कौलं कुटं नेता? पाऊस आठ दिसांवर आलाय. आमचं व्हतं त्ये घर बी मोडून बसलोय आमी, तुमच्या सांगन्यावरनं. गवत कुजलं, कूड वाळवीनं खाल्लं."

"मी पाठवतो परत. आधी त्या म्हाताऱ्याला माझ्या दारात येऊ दे."

"आन् न्हाई आला तर?"

"येईल."

तो आला नाही. ओव्हरसियर वाट बघत बसले होते की राग उतरला म्हणजे मी माल परत नेईन. मी वाट बघत बसलो होतो की ते येतील. दोन हट्टी माणसं, लोणावळ्यात, आपापल्या कौलांखाली. आठव्या दिवशी माझं मन खालीवर व्हायला लागलं म्हणून गाड्या भरून पाठवल्या, तर पाऊस लागलेला होता. मावळातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. पायथ्याच्या चिखलात बैल गुडघ्यापर्यंत रुतले. गाडीवाला परत आला आणि म्हणाला, "शेट, आता दसऱ्याबिगर वर काय चढत न्हाई."

पण माणसं चढतात. चार हमालांनी जे एका सकाळीत खाली आणलं, ते आठ हमालांनी पावसात दोन दिवसांत वर नेलं असतं. मी तसं सांगितलं नाही. गाडीवाल्याच्या शब्दावर घरात बसलो.

दसऱ्याला वर गेलो. सपाटीवर दगड तेवढे होते, आणि त्यांच्या फटींतून तेरडा उगवला होता. खोपट वाहून गेलं होतं. शेजारच्या घरातली एक बाई म्हणाली, श्रावणात म्हातारी गेली. रात्रंदिस भिजत होती, ताप चढला. तिला पोचवून नवरा-बायको खाली उतरली, ती आली नाहीत. कोण म्हणतं कर्जतकडे वीटभट्टीवर, कोण म्हणतं मुंबईत कुठल्या इमारतीच्या कामावर. मी भट्ट्या हिंडलो. ठाण्यापर्यंत गेलो. सापडले नाहीत.

ओव्हरसियर त्यानंतर नऊ वर्षं जगले. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात समोर आले की ते एक बोट वर करायचे, मी बघत नसे. आता तेही गेले. त्यांचा पुण्याचा पुतण्या गेल्या महिन्यात वखारीवर आला होता. चांगला मुलगा आहे. काकांच्या स्मरणार्थ इथल्या शाळेला एक खोली बांधून द्यायची आहे, दारावर नाव कोरायचं आहे, पुस्तिका काढायची आहे. "तुम्ही त्यांचे जवळचे. दोन पानं आठवणी लिहा," म्हणाला. "आणि जमलं तर कौलं तुमच्याकडून."

दोन पानांची ही इतकी पानं झाली. छापायची की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. पण कौलांचा सौदा मी असाच करणार नाही.

त्या पुतण्याला माझी अट अशी. आधी चिंधू ठाकर आणि बायजा यांना शोधा. तुमच्याकडे पुस्तिकेला देणग्या देणारी माणसं आहेत, पुण्या-मुंबईत ओळखी आहेत. मी एकटा शोधून थकलो. ते चिटणीस अजून हयात आहेत, दर उन्हाळ्यात इथे येतात. त्यांनाही कामाला लावा. ज्यांनी एक पत्र टाकून हात झटकले, त्यांनी आता चार पत्रं जास्त टाकावीत. आम्ही सहा जण आहोत. कोणी दूर गेलेलं नाही, कोणी मेलेलं नाही. चिंधू सापडला तर त्या सपाटीवर घर आम्ही बांधू, आणि सगळी कौलं, सगळे वासे माझे. पण त्या दोघांना तिथे उभं करून, त्यांची म्हातारी कोणामुळे गेली, हे त्यांच्या तोंडावर त्यांना कोण सांगणार? काका गेले म्हणून पुतण्याने सुटायचं नाही. पत्र टाकलं म्हणून चिटणिसाने सुटायचं नाही. आणि पाऊस होता म्हणून मी सुटत नाही. तिघांपैकी कोण बोलणार ते आधी ठरवून मला कळवा. तोवर खोलीच्या दारावर नाव कोरू नका.